पुस्तक मिटल्यानंतरचा अर्धा तास: एकाच वेळी अनेक पुस्तकमालिका कशा सांभाळाव्यात

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा तिसरा भाग २००० साली आला, चौथा २००५ साली आणि पाचवा २०११ साली. चौथ्या भागात जॉन, डेनेरिस आणि टिरियन या मुख्य पात्रांची प्रकरणंच नाहीत. म्हणजे ज्यांनी तिसरा भाग आल्या आल्या वाचला, त्यांना ही तिघं पुन्हा नीट भेटली ती अकरा वर्षांनी. मधल्या काळात मी आणखी चार मालिका सुरू केल्या होत्या. पाचवा भाग हातात घेतला तेव्हा नावं ओळखीची वाटत होती, पण कोणाचं कोणाशी बिनसलं होतं, कोणाचं कुठलं गुपित कोणाला ठाऊक होतं, काही केल्या आठवेना. शंभरेक पानं वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिसरा भाग पुन्हा पहिल्या पानापासून घेतला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. अनेक मालिका एकत्र वाचणाऱ्याला वेळ कमी पडतो असं सगळे म्हणतात, पण खरी कमी पडते ती आठवण. वेळ महिन्याभराने मिळू शकतो. विसरलेलं मात्र परत मिळवायला अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या आठवणीच्या बाजूने आखलेल्या आहेत, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी पुस्तक वाचताना नव्हे, ते मिटल्यावर करायची आहे.

आधी उघडी दारं मोजा

एका रविवारी कपाट, किंडल, ग्रंथालयाचं कार्ड आणि ऐकण्याचं ॲप समोर घेऊन बसा. ज्या ज्या मालिकेचा निदान एक भाग वाचला आहे आणि शेवटचा वाचलेला नाही, ती प्रत्येक मालिका कागदावर लिहा. नावापुढे तीन गोष्टी हव्यात: शेवटी वाचलेला भाग कितवा, तो साधारण कधी वाचला, आणि पुढचा भाग बाजारात आहे की यायचा आहे.

पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा माझ्या सतरा मालिका निघाल्या. मला वाटत होतं सहा-सात असतील. बहुतेकांचं असंच होतं, कारण पहिला भाग आवडला की आपण मनात ‘पुढचा घ्यायचा’ म्हणतो आणि ती मालिका ‘चालू’ धरतो, मग मध्ये चार वर्षं का जाईनात.

वही, गूगल शीट, गुडरीड्स किंवा स्टोरीग्राफसारखं वाचननोंदीचं संकेतस्थळ, काहीही चालेल. मी वही वापरते, कारण पुढच्या टिपणांसाठी तीच लागते. फक्त यादी एकाच ठिकाणी असू द्या. दोन ठिकाणी ठेवली की दोन्ही अर्धवट राहतात.

मोजताना एक घोळ होतो. भारतात बऱ्याचदा इंग्लंडच्या आवृत्त्या विकायला येतात आणि तिथे जाड भागांचे पेपरबॅकमध्ये दोन तुकडे करतात. मार्टिन यांचा तिसरा भाग ‘स्टील अँड स्नो’ आणि ‘ब्लड अँड गोल्ड’ अशा दोन पुस्तकांत मिळतो, पाचवाही तसाच दोन पुस्तकांत. त्यामुळे पाच भागांची मालिका कपाटात सात पुस्तकांची दिसते. ब्रँडन सँडरसन यांच्या ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेतल्या ‘द वे ऑफ किंग्ज’चंही तेच, पहिल्या भागाचा पहिला आणि दुसरा खंड. दुकानातून किंवा जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून घेताना पाठीवरचा आकडा नीट वाचा, नाहीतर एकाच भागाचा उत्तरार्ध ‘पुढचा भाग’ म्हणून घरी येतो आणि पूर्वार्ध कुणाकडेच नसतो.

मालिकेचा पोत ओळखा

सगळ्या मालिका डोक्यावर सारखं ओझं टाकत नाहीत. मी त्यांचे तीन गट करते.

पहिला गट सुट्या गोष्टींचा. फास्टर फेणेचं कुठलंही पुस्तक उचला, फुरसुंगीचा तो पोरगा ‘ट्टॉक्’ करून कामाला लागतो आणि आधीचं काही आठवावं लागत नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला आणि रोहन प्रकाशनाने बारा पुस्तकांत काढला, त्यातलं सातवं आधी वाचलं म्हणून बिघडत नाही. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोच्या ३३ कादंबऱ्या याच गटातल्या. इथे मात्र एक सावधगिरी आहे. १९३७ सालच्या ‘डम्ब विटनेस’मध्ये पॉयरो आधीच्या काही प्रकरणांतल्या खुन्यांची नावं बोलता बोलता सांगून टाकतो, म्हणून ती कादंबरी जरा उशिरा वाचावी.

दुसरा गट दुपदरी. प्रत्येक पुस्तकातलं प्रकरण तिथेच संपतं, पण माणसांची आयुष्यं पुढे सरकतात. इयन रँकिन यांचा इन्स्पेक्टर रीबस १९८७ साली पहिल्यांदा आला आणि वाचकांबरोबरच म्हातारा होत गेला. २००७ सालच्या पुस्तकात तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने जे. के. रोलिंग लिहितात ती कॉर्मोरन स्ट्राइकची मालिका अशीच. २०१३ पासून खून दर पुस्तकात नवा, पण स्ट्राइक आणि रॉबिन यांच्यातलं न बोललेलं काही आहे ते मात्र तेच, थोडं थोडं पुढे जाणारं. या गटात गुन्ह्याचे तपशील विसरले तरी चालतात. नात्यांचा शेवटचा मुक्काम विसरून चालत नाही.

तिसरा गट अखंड कथेचा. एकच गोष्ट हजारो पानं चालते आणि भाग म्हणजे फक्त बांधणीची सोय असते. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ चौदा भागांची, सुमारे ४४ लाख शब्दांची. मिनिटाला २५० शब्द या वेगाने रोज तासभर वाचलं तरी जवळजवळ दहा महिने लागतात, आणि आपल्यापैकी अनेकांचा इंग्रजी वाचनाचा वेग याहून कमी असतो.

गट ठरले की मर्यादा आपोआप सुचते. माझी अशी आहे: अखंड कथेची एका वेळी एकच मालिका हातात, दुपदरी दोन किंवा तीन, सुट्या गोष्टींच्या कितीही. तुमचा आकडा वेगळा असेल. पण अखंड गटात दोनचा मोह टाळा. एकदा मी सँडरसन आणि जॉर्डन एकाच पावसाळ्यात वाचायला घेतले. जॉर्डन यांची मालिका पूर्ण करणारेही सँडरसनच, त्यामुळे दोन्हीकडचे शपथा घेतलेले योद्धे आणि जादूचे नियम माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळले, आणि एका मालिकेतला शब्द मी दुसरीत शोधत बसले.

दोन जड मालिका जवळजवळ ठेवायच्याच असतील तर त्यांच्यात भिंत हवी. सर्वांत चांगली भिंत भाषेची. एक मराठी, एक इंग्रजी. नेमाडे यांचं चांगदेव चतुष्टय, म्हणजे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’, मी एका इंग्रजी अद्भुत मालिकेच्या बरोबरीने वाचलं आणि एकदाही गोंधळ झाला नाही. दुसरी भिंत माध्यमाची: एक कागदावर, एक कानात. कानातल्या मालिकेत नावांचं स्पेलिंग कळत नाही, तेव्हा नावं ऐकू येतात तशी देवनागरीत लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतं.

क्रम ठरवताना

शंका असेल तर प्रकाशनाचा क्रम. यावर मी ठाम आहे. सी. एस. लुइस यांच्या ‘नार्निया’ मालिकेतलं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ कथेच्या काळाप्रमाणे पहिलं येतं, पण ते १९५५ साली सहावं प्रसिद्ध झालं. आता संचात त्यावर १ हा आकडा छापतात. ते आधी वाचलं की १९५० साली सर्वांत आधी आलेल्या पुस्तकात जादूच्या कपाटाच्या दारातून ल्यूसीबरोबर आत शिरताना जे आश्चर्य वाटायला हवं ते वाटत नाही, कारण कपाट कुठून आलं ते आधीच माहीत असतं.

अमीश यांची रामचंद्र मालिका अपवादासारखी दिसते. २०१५, २०१७ आणि २०१९ सालचे पहिले तीन भाग राम, सीता आणि रावण यांच्या बाजूंनी समांतर चालतात आणि २०२२ सालच्या चौथ्यात एकत्र येतात. कागदावर पाहिलं तर पहिले तीन कुठल्याही क्रमाने वाचता येतील. तरीही मी छापल्या क्रमानेच वाचायला सांगेन, कारण कुठली गोष्ट कधी उघड करायची हे लेखकाने त्याच क्रमाने ठरवलेलं असतं.

गुडरीड्सवर ०.५ किंवा २.५ असे आकडे दिसतील. त्या मधल्या छोट्या कादंबरिका असतात. अखंड गटात त्या वाचा, बाकी ठिकाणी सोडल्या तरी चालतं.

पुस्तक मिटल्यावर लगेच, त्याच दिवशी

आता मूळ काम. शेवटचं पान वाचून झालं की उठू नका. वही घ्या आणि अर्धा तास लिहा. दुसऱ्या दिवशी लिहीन म्हटलं तर कथानक राहतं, बारकावे जातात. आणि दोन वर्षांनी पुढचा भाग येतो तेव्हा अडतं ते बारकाव्यांवरच. कथानकाचा सारांश इंटरनेटवर कुठेही मिळतो. तुम्ही लिहायचं ते तिथे सहसा न मिळणारं.

माझ्या टिपणात सहा गोष्टी असतात. कोण कुठे आहे, म्हणजे शेवटच्या पानावर कोणता माणूस कुठल्या गावात, कोणाबरोबर. कोणाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. कोणते प्रश्न उघडे राहिले. कोणी कोणाला काय वचन दिलं किंवा कोण कोणाचं देणं लागतो. नवीन नावं, प्रत्येकासमोर एक ओळखीची खूण. आणि शेवटी मला काय वाटलं, पुढे काय होईल असा माझा अंदाज.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि लेखक पुढच्या भागाचं सगळं नाट्य त्यावरच उभं करतो. उदाहरण म्हणून बहुतेकांनी वाचलेलं पुस्तक घेते, हॅरी पॉटरचा तिसरा भाग. ज्यांनी अजून वाचला नसेल त्यांनी पुढच्या काही ओळी सोडाव्यात. माझ्या वहीतलं टिपण असं आहे:

सिरियस निर्दोष: हॅरी, रॉन, हर्मायनी, ल्युपिन, डंबलडोर यांना माहीत. मंत्रालय आणि स्नेप यांना तो अजून खुनीच वाटतो.
पीटर पेटिग्र्यू जिवंत, निसटला. जगाच्या लेखी मेलेला.
हॅरीने पीटरचा जीव वाचवला, म्हणजे पीटरवर देणं आहे. डंबलडोर म्हणाले, हे कधीतरी कामाला येईल.
बकबीक सिरियसबरोबर. हॅग्रिडला वाटतं तो आपणहून सुटला.
ट्रेलॉनीबाईंची खरी भविष्यवाणी: चाकर मालकाकडे परत जाणार. त्यांना स्वतःला आठवत नाही. हॅरीने डंबलडोरना सांगितली आहे.
डर्सलींना वाटतं हॅरीचा धर्मपिता फरार खुनी आहे, आणि हॅरीने त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.
ल्युपिन सरांनी राजीनामा दिला. नवीन शिक्षक कोण?

एवढंच. पाऊण पान. चौथा भाग २००० साली आला आणि पाचवा थेट २००३ साली. त्या तीन वर्षांसाठी चौथ्याच्या शेवटी लिहिलेलं असंच एक पान पुरेसं झालं.

सुट्या गोष्टींच्या मालिकेला टिपण नको, वाचल्याची तारीख पुरे. दुपदरी मालिकेला चार ओळी: नाती कुठे येऊन थांबली, कोण कोणावर रुसलं, कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न मोडलं. अखंड कथेला मात्र पूर्ण अर्धा तास द्या. हात दुखला तर बोलून फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण नंतर ते कागदावर उतरवा. दोन वर्षांनी कुणी ध्वनिमुद्रण शोधत बसत नाही.

हातातली पुस्तकं फिरवताना

बदल करायचा तो पुस्तकांमध्ये, पुस्तकाच्या मध्यात नाही. एक भाग पूर्ण करा, टिपण लिहा, मग दुसऱ्या मालिकेकडे जा. जड भागानंतर मी दोन हलकी पुस्तकं घेते. ‘द वे ऑफ किंग्ज’सारखा हजार पानांचा भाग रोज चाळीस पानांनी पंचवीस दिवस घेतो. त्यानंतर डोकं निवायला फेलूदाचं एक पुस्तक आणि एखादी रहस्यकथा. या अवकाशात जड मालिका मनात मुरते, तेही गरजेचं आहे.

मध्येच थांबणं भाग पडलं, परीक्षा आली, घरात दुखणं आलं, तर निदान प्रकरणाच्या टोकाला थांबा आणि वाचनखुणेच्या कागदावरच दोन ओळी लिहा: आत्ता काय चाललंय, आणि मी कशाची वाट पाहत होते. दुसरी ओळ मला नेहमी परत आत घेऊन जाते.

ग्रंथालयातून वाचणाऱ्यांनी एक भाग संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्याला नंबर लावावा. मालिकेतला मधलाच भाग कुणीतरी घेऊन गेलेला असतो, हा ग्रंथालयांचा जुना अनुभव आहे. ग्रंथपालांना सांगून ठेवलं तर बहुतेक जण आठवणीने बाजूला काढून ठेवतात. अमेरिकेत राहणारी माझी मावसबहीण ग्रंथालयाची ई-पुस्तकं देणाऱ्या लिबी ॲपवरून वाचते. तिथे चार मालिकांचे नंबर एकाच आठवड्यात लागतात तेव्हा ती ‘नंतर द्या’ हा पर्याय निवडते. रांगेतली जागा जात नाही, पुस्तक काही दिवसांनी येतं.

पुढचा भाग आला, आता परत शिरायचं कसं

आधी आपलं टिपण वाचा. मग मागच्या भागाची शेवटची तीन प्रकरणं. अखंड कथेत एवढ्याने भागलं नाही तर ज्या माणसाचं काही आठवत नाही, फक्त त्याची प्रकरणं वाचा. मार्टिन बहुतेक प्रकरणांना माणसाचंच नाव देतात, त्यामुळे हे सोपं जातं. माझा अनुभव असा की टिपण असेल तर दोन संध्याकाळी पुरतात, नसेल तर महिना जातो.

पुस्तकाच्या मागे परिशिष्ट असतं, घराण्यांच्या याद्या, शब्दसूची. ते नव्या भागातलं उघडू नका. त्यातल्या यादीत कोण हयात आहे आणि कोण नाही हे सरळ दिसू शकतं. जुन्या भागातलं परिशिष्ट वाचा, ते निर्धोक.

आणि कृपा करून पात्राचं नाव गूगलच्या चौकटीत टाकू नका. तीन अक्षरं टाकली की खाली सूचना येतात, त्यातली एक ‘अमुक कसा मरतो’ ही असतेच. चाहत्यांचे विकी प्रेमाने केलेले असतात, पण त्यांच्या पहिल्याच परिच्छेदात मालिकेचा शेवट असतो. कधी अगदीच अडलं तर मालिका पूर्ण वाचलेल्या मित्राला विचारा आणि आपण कितव्या भागापर्यंत आलोय ते आधी सांगा.

वाट पाहणं

जिचा पुढचा भाग यायचा आहे ती मालिका ‘वाचतेय’ या यादीत ठेवू नका. तिच्यासाठी वेगळं पान करा. माझ्या वाट पाहण्याच्या पानावर भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ आहे, २०१० पासून. मार्टिन यांचा सहावा भाग आहे. पॅट्रिक रॉथफस यांची त्रयी आहे, २००७ आणि २०११ साली दोन भाग आले, तिसऱ्याची वाट. पान वेगळं असलं की या मालिका रोज डोळ्यांसमोर अपूर्ण कामासारख्या येत नाहीत.

तारखांसाठी लेखकाचं किंवा प्रकाशकाचं अधिकृत पान पाहा. सँडरसन आपल्या संकेतस्थळावर चालू लेखनाची टक्केवारी लावतात, तेवढी उघड माहिती फार थोडे लेखक देतात. त्यांच्या ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचा पाचवा भाग डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि दहापैकी पहिल्या पाच भागांचा टप्पा तिथे पूर्ण झाला. पुढचा भाग काही वर्षांनी येणार हे त्यांनीच सांगितलं आहे. असा मोठा थांबा असेल तर पाचव्या भागाचं टिपण नेहमीच्या दुप्पट लिहा.

काही वाचक म्हणतात, मालिका पूर्ण झाल्याशिवाय पहिला भाग उघडायचाच नाही. त्यांची बाजू मला समजते, पण पटत नाही. पहिल्या भागाला वाचक मिळाले नाहीत तर पुढचे भाग छापणं प्रकाशकाला अवघड होतं, आणि मराठी अनुवादांच्या बाबतीत तर फारच. शिवाय शेवट नेहमी अपेक्षेसारखा येतोच असं नाही. जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेले तेव्हा त्यांची मालिका अपुरी होती. त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहिले आणि २०१३ साली ती पूर्ण झाली. त्या सहा वर्षांत ज्यांनी आधीचे भाग जवळ ठेवले, पुन्हा वाचले, त्यांच्यासाठी तो शेवट काय होता हे नुसत्या पूर्ण संचावरून कळणार नाही.

सोडायची असेल तर

दोन भाग वाचूनही पुढचा हातात घ्यावासा वाटत नसेल तर यादीत तिच्यावर रेघ मारा, का सोडली ते एका ओळीत लिहा आणि पुस्तकं जवळच्या ग्रंथालयाला देऊन टाका. ती ओळ महत्त्वाची. तीन वर्षांनी सेलमध्ये तिसरा भाग स्वस्तात दिसतो तेव्हा ती थांबवते.

घरात दोघं वाचत असतील तर

आमच्याकडे ताई आणि मी एकाच प्रतीतून वाचतो. ती माझ्याहून भरभर वाचते, त्यामुळे तिचं टिपण आधी तयार होतं. पूर्वी ती ते वहीत लिहायची आणि मी नको ते वाचून बसायचे. आता प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला आम्ही एक पाकीट चिकटवतो. जिचं वाचून होईल तिने आपलं टिपण घडी करून त्यात टाकायचं आणि वर तारीख लिहायची. दुसरीने शेवटचं पान वाचून, आपलं टिपण पूर्ण लिहून झाल्यावरच ते उघडायचं. मग दोन्ही समोर ठेवून आम्ही चहा घेत बसतो. दर वेळी तिच्या यादीत एखादं गुपित असतं जे माझ्याकडून सुटलेलं असतं, आणि माझ्या यादीत एखादं वचन, जे तिला लक्षातच आलेलं नसतं. दोन्ही कागद परत त्याच पाकिटात जातात. पुढचा भाग येतो तेव्हा आधी पाकीट उघडायचं, मग पुस्तक.